व्हिसाची व्हायव्हा



मराठी विभागात लिहायची ही माझी पहिलीच वेळ. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर सांभाळून घ्या. विषय मात्र माझा पक्का आहे. गेल्या वर्षभरात लेडीज हॉस्टेलमध्ये माझं नावच 'व्हिसावाली' पडलंय. ऑफिसमधल्या एका मॅडमना मुलाकडे टेक्सासला जायचंय. वर्कशॉपच्या काकांची मुलगी तिकडे आहे. फायनल इयरच्या दोघांचा पेपर कॉन्फरन्सला सिलेक्ट झालाय. सगळे येऊन पहिला प्रश्न एकच विचारतात, "बँकेत किती पैसे दाखवावे लागतात गं?"

आमच्या घरातही पहिला प्रश्न हाच होता. तिथूनच आम्ही चुकलो. म्हणून हा लेख.

१. आधी आत्याची गोष्ट

माझी आत्या सातारा जिल्ह्यात एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. तिची मुलगी, म्हणजे माझी ताई, न्यू जर्सीला असते. ताईची डिलिव्हरी एप्रिलअखेरीस होती. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, पुढे मे महिन्याची सुट्टी, जूनच्या मध्याला शाळा सुरू. आत्याचा हिशोब सरळ होता : थोडी रजा टाकायची, एप्रिलच्या मध्याला जायचं, शाळा उघडायच्या आत परत यायचं. दोन महिने.

गावात एकाने एक एजंट सुचवला. त्याने तीन सल्ले दिले. एक, खात्यात भरपूर पैसे दिसले पाहिजेत. दोन, बाळंतपणाचं नाव काढायचं नाही, 'फिरायला जातेय' म्हणायचं. तीन, मुक्काम सहा महिने लिहायचा, 'सगळे तेवढंच लिहितात.' मग बाबांनी मामांकडून चार लाख आणून आत्याच्या खात्यात टाकले. आणि फॉर्म कोणी भरला? मी! घरात 'इंग्लिश मीडियमची' मीच ना. हॉस्टेलच्या रूमवर रात्री बारा वाजता, दुसऱ्या दिवशीचं सबमिशन बाजूला ठेवून मी फॉर्म भरला. दोन महिन्यांचे सहा महिने लिहिताना माझा हात थांबला होता, हे खरं आहे. पण एजंटला जास्त कळत असणार असं म्हणून मी पुढे गेले.

तारीख मिळायलाच कितीतरी वाट बघावी लागली. शेवटी फेब्रुवारीत मुलाखत झाली. खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, कशासाठी जाताय? आत्या म्हणाली, "नायगारा बघायला." किती दिवस? तिच्या तोंडून खरं ते आलं, "दोन महिने." फॉर्मवर सहा. मग प्रश्न आला, अमेरिकेत कोण आहे? "मुलगी." ती काय करते? इथे आत्या गडबडली. जिने बावीस वर्षं पोरांना 'स्टेप्स दाखवा' म्हणून सांगितलं, तिलाच स्टेप्स सापडेनात. दोन-तीन मिनिटांत पासपोर्ट परत आणि सोबत एक छापील कागद. जाड फाईल उघडलीच गेली नाही. चार लाखांकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

नेमकं काय खटकलं ते त्या कागदावर नसतं, फक्त कायद्याचं कलम असतं. पण मी ते कलम नीट वाचलं तेव्हा आमच्या चुका मला एकेक करून दिसल्या.

२. कलम २१४(बी) म्हणजे काय?

अमेरिकेचा इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्ट १९५२ सालचा आहे. त्यातलं कलम २१४(बी) थोडक्यात असं सांगतं : व्हिसा मागायला आलेला परदेशी माणूस कायमचा राहायलाच येतोय असं अधिकाऱ्याने गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे अर्जदाराने त्याला पटवून द्यायचं. एच-१बी, एल असे थोडे वर्ग यातून वगळलेत. पाहुण्यांचा व्हिसा वगळलेला नाही, आणि आपल्यातले पुष्कळ जण ज्याची स्वप्नं बघतात तो एफ-१ स्टुडंट व्हिसाही नाही.

मॅथ्सच्या पेपरला आपण हायपोथिसिस टेस्टिंग करतो ना, तसंच हे. नल हायपोथिसिस असं : 'ही व्यक्ती परत जाणार नाही.' ते रिजेक्ट करायला लागणारा पुरावा तुम्ही द्यायचा. पुरावा कमी पडला तर नल हायपोथिसिस तसंच राहतं. म्हणजे 'तुम्ही खोटारडे आहात' असं कोणी म्हणत नाही. 'पटलं नाही' एवढंच म्हणतात. नकार मिळाल्यावर आत्या दोन दिवस जेवली नाही. "मी काय चोर आहे का गं?" असं सारखं विचारत होती. हा फरक मला तेव्हा माहीत असता तर तिला सांगता आला असता.

३. मग पटवायचं काय?

पाहुण्यांच्या व्हिसाला 'बी' म्हणतात. बी-१ कामकाजासाठी : मीटिंग, कॉन्फरन्स, करारांची बोलणी. बी-२ फिरायला, नातेवाइकांना भेटायला किंवा औषधोपचारासाठी. आपल्याकडे बहुतेकांना दोन्ही मिळून बी-१/बी-२ असा एकच व्हिसा देतात. कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे पाहुणा म्हणजे ज्याचं घर दुसऱ्या देशात आहे, ते सोडायचा ज्याचा विचार नाही, आणि जो थोड्या दिवसांसाठी चाललाय. त्यावरून चार गोष्टी निघतात :

(अ) कारण : जायचं कशाला, आणि ते बी मध्ये बसतं का? मुलीला भेटायला जाणं बसतं. पगार घेऊन कोणाचं मूल सांभाळणं बसत नाही. इथे एजंट लोक एक घोटाळा करतात. जानेवारी २०२० मध्ये एक नियम आला : बाळाला अमेरिकन नागरिकत्व मिळावं म्हणून स्वतः तिकडे जाऊन बाळंत होणं, हा मुख्य हेतू असेल तर बी व्हिसा द्यायचा नाही. तो नियम बाळंत होणाऱ्या बाईसाठी आहे, तिला भेटायला जाणाऱ्या आईसाठी नाही. आमच्या एजंटने 'बाळंतपण' शब्द ऐकला आणि घाबरून आम्हाला नायगाराला पाठवलं!

(आ) मुदत : किती दिवस, आणि तेवढेच का? 'दोन महिने, कारण शाळा जूनमध्ये उघडते' या उत्तराला कारण आहे. 'सहा महिने' याला काहीच कारण नाही. उलट नोकरी करणारी बाई सहा महिने कशी राहणार, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

(इ) खर्च : कोण करणार आणि कसा? पैसे लागतातच, पण कुठला ठरावीक आकडा नाही. खर्च तुमच्या एकूण परिस्थितीला शोभला पाहिजे. मुलाखतीच्या आधल्या महिन्यात अचानक आलेले चार लाख शोभत नाहीत. मुलगी तिकीट काढणार असेल तर सरळ तसं सांगावं.

(ई) परत येण्याचं कारण : हे सगळ्यात महत्त्वाचं. यालाच 'टाईज' म्हणतात, म्हणजे बांधून ठेवणाऱ्या गोष्टी : नोकरी, घर, शेती, धंदा, शिकणारी मुलं, म्हातारी माणसं. याची ठरलेली यादी नाही, आणि एका कागदाने हे सिद्ध होतं असंही नाही. आत्याकडे काय नव्हतं! बावीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला तीन वर्षं बाकी, पुढच्या वर्षीचा दहावीचा वर्ग, घरी काका आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. आम्ही यातलं एकही वाक्य तिला बोलायला सांगितलं नव्हतं. आम्ही तिला नायगाराची उंची पाठ करून दिली होती!

अजून एक गैरसमज. अमेरिकेतल्या नातेवाइकाचं निमंत्रणपत्र किंवा 'मी यांचा खर्च करीन' असं हमीपत्र पाठवलं की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतः सांगतं की पाहुण्यांच्या व्हिसाला असं पत्र लागत नाही. अर्जदार स्वतःच्या देशातल्या टाईजवर पात्र ठरला पाहिजे, तिकडच्या माणसाच्या आश्वासनावर नाही. असाइनमेंट दुसऱ्याची असली तरी व्हायव्हा आपलीच होते, तसं.

४. फॉर्म भरताना

फॉर्मचं नाव डीएस-१६०. तो ऑनलाईनच भरायचा असतो. काही अनुभवाच्या गोष्टी :

- सुरुवातीलाच एक ॲप्लिकेशन आयडी मिळतो. तो लगेच वहीत लिहा. वीसेक मिनिटं काही केलं नाही तर पान बंद होतं. मेसमध्ये जेवून येईपर्यंत माझं सगळं गेलं होतं!
- नाव, जन्मतारीख पासपोर्टप्रमाणेच. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या बॅकग्राऊंडवर, चष्मा काढून.
- २०१९ पासून मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियावरची अकाऊंट्सही विचारतात. नाव द्यायचं असतं, पासवर्ड नाही.
- अमेरिकेत जवळचं कोण आहे हे विचारतात. लपवू नका.
- पूर्वी व्हिसा नाकारला होता का, असा प्रश्न आहे. नाकारला असेल तर 'हो'च लिहायचं. त्यांच्याकडे नोंद असते.
- फॉर्म भरायला कोणी मदत केली का, हाही प्रश्न आहे. पहिल्या वेळी मी तिथे 'नाही' केलं. म्हणजे आत्याच्या फॉर्मवरचं पहिलं खोटं माझं होतं.
- सगळा फॉर्म इंग्रजीत आहे, पण एका जागी स्वतःच्या लिपीत पूर्ण नाव विचारतात. मी घाईत तीही जागा सोडून दिली होती.
- शेवटची सही म्हणजे एक बटण. दुसऱ्याने फॉर्म भरून दिला तरी ते बटण अर्जदारानेच दाबायचं असतं. आत्या गावी होती, मी हॉस्टेलवर. कोणी दाबलं ते तुम्ही ओळखलंच असेल.

खोटं लिहिणं किती महाग पडतं तेही सांगते. मुद्दाम दिलेली महत्त्वाची खोटी माहिती किंवा बनावट कागद सापडला तर २१४(बी) नाही, वेगळं कलम लागतं आणि त्याने कायमची बंदी येऊ शकते. २१४(बी) ही केटी समजा, पुन्हा बसता येतं. बनावट कागद म्हणजे कॉपी केस.

फी १७ जून २०२३ पासून १८५ डॉलर आहे, त्याआधी १६० होती. व्हिसा नाकारला तर ती परत मिळत नाही. शिवाय जुलै २०२५ मध्ये झालेल्या अमेरिकन कायद्यात, व्हिसा मंजूर झाल्यावर घ्यायच्या २५० डॉलर जादा फीची तरतूद आहे. म्हणून पैसे भरायच्या दिवशी अधिकृत साइटवर चालू रक्कम बघून घ्या.

५. खिडकीवरची दोन मिनिटं

आधी एक दिवस दहा बोटांचे ठसे आणि फोटो, मग वकिलातीत मुलाखत. मोबाईल आत नेता येत नाही. पूर्वी बऱ्याच ज्येष्ठ नागरिकांना मुलाखतीतून सूट मिळायची, ती सप्टेंबर २०२५ पासून बरीच कमी केली आहे. त्यामुळे आजी-आजोबांनाही बहुधा जावं लागेल.

बसून बोलायचं नसतं. बँकेसारखी काच असते, उभं राहून बोलायचं. आपले एक्स्टर्नल कसे, जर्नल बाजूला ठेवतात आणि तीन प्रश्न विचारतात? सेम तसंच. फॉर्म त्यांच्या स्क्रीनवर असतोच, त्यामुळे फाईल बघतीलच असं नाही. म्हणून फाईलमध्ये जे आहे ते तोंडाने दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. साधारण प्रश्न असे : कुठे आणि कशाला? किती दिवस? तिकडे कोण आहे, काय करतं? तुम्ही काय करता? खर्च कोण करणार? आधी परदेशी गेला आहात का?

उत्तरं पाठ करू नका. पाठ केलेलं लगेच कळतं, आपले एक्स्टर्नलसुद्धा ओळखतात. इंग्रजी येत नसेल तर लाजायचं कारण नाही. मुंबईच्या वकिलातीत मराठीतही मुलाखत देता येते. पहिल्या वेळी आत्या इंग्रजीत बोलली, कारण इंग्रजीत 'इम्प्रेशन' पडतं असं मीच तिला सांगितलं होतं.

६. नकार मिळाला तर

दोन प्रकार लक्षात ठेवा. २२१(जी) म्हणजे कागद कमी आहेत किंवा अजून तपासणी बाकी आहे. तिथे पुढे मार्ग असतो. २१४(बी) म्हणजे पटलं नाही. त्यावर अपील नसतं. नवा फॉर्म, नवी फी, नवी तारीख. लगेच पुन्हा अर्ज करायला बंदी नाही, पण परिस्थिती किंवा माहिती तीच असेल तर निकाल कसा बदलणार?

बाकी देशांची पद्धत वेगळी आहे. युरोपच्या शेंगेन देशांच्या नकारात कारणांची छापील यादी असते, लागू असलेल्या कारणावर खूण असते आणि अपील करता येतं. तिथे मुक्काम १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा सक्तीचा. ब्रिटनच्या पाहुणा व्हिसावर साधारण सहा महिन्यांपर्यंत राहता येतं आणि नाकारला तर लेखी कारणं देतात. पण सगळीकडे शेवटी प्रश्न तोच असतो : परत येणार ना?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. खरं बोललं की व्हिसा मिळतोच असं नाही. चांगल्या, सरळ माणसांनाही नकार येतो. अधिकाऱ्याला दोन मिनिटांत अंदाज करायचा असतो आणि अंदाज चुकू शकतो. हे मला अजूनही अन्यायाचं वाटतं. पण तो भाग आपल्या हातात नाही.

७. व्हिसा आणि मुक्काम वेगळे!

माझी सगळ्यात मोठी चूक इथे होती. भारतीयांना बी-१/बी-२ व्हिसा बऱ्याचदा दहा वर्षांचा मिळतो. म्हणजे दहा वर्षं राहायची परवानगी नाही, तर त्या काळात तिथल्या दारापर्यंत जाण्याची परवानगी. किती दिवस राहायचं हे तिथे विमानतळावर उतरल्यावर अधिकारी ठरवतो. ती नोंद म्हणजे आय-९४. बी-२ वाल्यांना साधारणपणे सहा महिने देतात. 'सहा महिने' हा आकडा इथून आलाय. तो त्यांनी द्यायचा असतो, आपण मागायचा नसतो.

हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर व्हिसा म्हणजे गेटपास आणि आय-९४ म्हणजे रजिस्टरमध्ये रेक्टर मॅडमनी लिहिलेली परत यायची वेळ. गेटपास वर्षभराचा असला तरी वेळ चुकली की नोटीस लागतेच. तिकडची नोटीस मात्र भारी असते. मुदतीनंतर राहिलात तर तो व्हिसा रद्द होतो. १८० दिवसांपेक्षा जास्त आणि वर्षाच्या आत बेकायदा राहून बाहेर पडलात तर तीन वर्षं प्रवेशबंदी. एक वर्ष किंवा जास्त राहिलात तर दहा वर्षं.

८. आपल्यासाठी थोडं

कॉन्फरन्समध्ये पेपर वाचायला बी-१ चालतो. पगारी इंटर्नशिप चालत नाही, क्रेडिट मिळणारा कोर्सही नाही. आपल्याकडे नोकरी नाही, घर नाही, लग्न नाही, मग आपले टाईज कुठले? परराष्ट्र खात्याच्याच म्हणण्यानुसार तरुण अर्जदारांच्या बाबतीत अधिकारी त्यांचा नेमका हेतू, घरची परिस्थिती आणि पुढचे बेत बघतात. म्हणून कॉन्फरन्सला जाणाऱ्यांनी पेपर काय आहे ते साध्या भाषेत सांगता आलं पाहिजे, परत येऊन कुठलं सेमिस्टर द्यायचं तेही. बोनाफाईड सर्टिफिकेट आणि कॉलेजचं पत्र जवळ ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

९. दुसरी वेळ

बाळ एप्रिलअखेरीस झालं. बारसं आम्ही व्हिडिओ कॉलवर केलं. तिकडे सकाळचे साडेनऊ, इकडे संध्याकाळचे सात. आत्याने मोबाईलसमोर पाळणा म्हटला आणि मध्येच नेटवर्क गेलं. ती तशीच म्हणत राहिली. मी शेजारी बसले होते. त्या रात्री मी तिला सहा महिन्यांची आणि शेवटच्या बटणाची गोष्ट सांगितली. ती एवढंच म्हणाली, "अगं, उत्तर चुकलं तर खोडून पुन्हा करायचं. पण या वेळी स्टेप्स माझ्या."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघींनी एकत्र बसून नवा फॉर्म भरला. ती सांगत होती, मी टाईप करत होते. मामांचे चार लाख कधीच परत गेले होते. मुक्काम : सहा आठवडे. नकार : हो. मदत केली : हो, भाचीने. स्वतःच्या लिपीतल्या नावाची जागा आली तेव्हा मी किबोर्ड तिच्याकडे सरकवला. एकेक अक्षर शोधत तिने आपलं नाव देवनागरीत टाईप केलं, आणि शेवटचं बटणही तिनेच दाबलं.

मुलाखत मराठीत झाली. या वेळी तिने सांगितलं की नातवाला अजून पाहिलं नाही, मे महिन्याची सुट्टी आहे, जूनमध्ये दहावीचा वर्ग आहे, सासूबाई घरी आहेत. मागच्या फॉर्ममध्ये सहा महिने चुकून लिहिले होते, हेही तिने न विचारता सांगितलं. पासपोर्ट आत ठेवून घेतला म्हणजे काय, हे तिला कळलंच नाही. ती बाहेर येऊन मला म्हणाली, "अगं, पासपोर्ट द्यायला विसरले ते!" पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे बहुतेक वेळा व्हिसा मंजूर झालेला असतो, हेसुद्धा लक्षात ठेवा.

ती पोचली तेव्हा बाळ धरून धरून चालत होतं. शाळा उघडायच्या तीन दिवस आधी ती परत आली. नायगारा बघायचा राहिलाच.

ऑफिसच्या मॅडम, वर्कशॉपचे काका आणि फायनल इयरचे दोघे, तुमच्यासाठी शेवटचं. फॉर्म भरायला मदत हवी असेल तर संध्याकाळी लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर या, मी टाईप करून देईन. पण येताना स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यं लिहून आणा : कशाला जाताय, आणि परत का येणार. आणि शेवटचं बटण तुम्हीच दाबायचं. माझा हात मी मागे घेणार आहे.